भिंतीपेक्षा जुनी

चैत्र-वैशाखात या शहराला संध्याकाळ पटकन होत नाही. दौलताबादच्या बाजूला सूर्य कलतो, सातारा डोंगराच्या अंगावरून तांबूस उजेड सावकाश ओसरतो, अजान आणि देवळातली घंटा एकमेकींत मिसळून गुलमंडीवरून वाहत येतात, तरी दिवसभर तापलेल्या भिंती आपली धग सोडायला तयार नसतात. औरंगपुऱ्यातल्या आमच्या जुन्या घराच्या भिंती तर हातभर जाडीच्या. दुपारचं ऊन त्यांच्या पोटात शिरायला वेळ लागतो आणि बाहेर पडायलाही. अशा वेळी माळवदावर पाणी शिंपडलं की मातीचा ओला श्वास जिन्यातून खाली उतरतो, ओसरीवरचा दिवा लागतो, त्याच्याभोवती पहिलं चिलट घिरट्या घालू लागतं, आणि आजोबांच्या तसबिरीमागून एक अरुंद, राखी डोकं हळूच बाहेर येतं. येतं, थबकतं, उजेडाचा अदमास घेतं, आणि मग सगळं अंग एका लयीत भिंतीवर सांडतं.

पाल आली.

तिला कुणी पाळलेलं नाही. तिच्यासाठी वाटी ठेवलेली नाही, नाव ठेवलेलं नाही, तिच्या येण्याची कुणी वाट पाहतं असंही नाही. या घरातून लेकी नांदायला गेल्या, मुलगे परदेशी गेले, आजोबा तसबिरीत गेले, आणि तसबिरीमागची जागा मात्र तिची राहिली. ती हीच, की हिची आई, की आजी, हे सांगता येणार नाही. पालींच्या घरात तसबिरी नसतात.

दिवसा कधी कपाट सरकवताना ती दिसली तर काळसर, ठिपकेदार, पोपडे धरलेल्या भिंतीचाच एक तुकडा वाटते. रात्री दिव्याखाली तीच फिकी पडत जाते, जवळजवळ दुधी होते. कंदिलाच्या काचेतून ज्योत दिसावी तसं तिच्या पोटातलं सगळं बाहेरून दिसतं: नुकतंच गिळलेलं पाखरू, आणि दिवस भरत आले असले तर दोन पांढरे गोल. एका खेपेला बहुधा दोनच अंडी. त्यांचं कवच आधी मऊ असतं, हवा लागली की कडक होतं. मग ती कुठल्यातरी फटीत ठेवून आई निघून जाते. उबवणं नाही, भरवणं नाही. पिलू कवच फोडून बाहेर येतं ते जन्मतःच शहाणं, भिंत कशी धरायची हे आधीच ठाऊक असलेलं, बोटाच्या पेराएवढं. त्याला पाहिलं की माझ्या मनात दरवेळी एकच विचार येतो. इतक्या लहान जिवाला इतकी मोठी भिंत कुणी दाखवली असेल?

आणि तिचे डोळे. तिला पापण्या नाहीत. डोळ्यावर एक पारदर्शक पडदा कायमचा बसवलेला, त्यावर धूळ बसली की ती जीभ काढून तो सावकाश पुसते. आधी एक डोळा, मग दुसरा. झोपते तीही उघड्या डोळ्यांनी, फक्त बाहुली आवळून उभ्या रेघेएवढी करते. डोळे मिटण्याची सोय नसलेला जीव काय काय पाहत असेल! या ओसरीवर झालेली भांडणं तिने पाहिली असतील, दिवे गेल्यावर अंधारात बसून आम्ही म्हटलेल्या आरत्या, मध्यरात्री उठून आईने एकटीने प्यालेलं पाणी. आम्हाला अंधार काळा दिसतो. तिला तसा दिसत नसावा. २००४ मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांनी आफ्रिकेतली एक निशाचर पाल तपासली, तेव्हा मंद चांदण्याएवढ्या उजेडात, जिथे माणसाला फक्त करड्याच्या छटा दिसतात, तिथे तिला निळा रंग वेगळा ओळखता येत होता. हे वाचल्यापासून रात्रीकडे मी थोड्या निराळ्या नजरेने बघते. लोडशेडिंगच्या ज्या रात्रींना आम्ही काळोख म्हणत होतो, त्यांत कदाचित आईच्या निळ्या लुगड्याचा रंग तसाच जागा होता.

फक्त आम्हाला तो दिसत नव्हता.

तिचा आवाज मात्र सगळ्यांना ऐकू येतो. चुक्, चुक्, चुक्. सरपटणाऱ्यांच्या कुळात असा गळा फार थोड्यांना मिळाला आहे. पालींना मिळाला, आणि त्या तो कंजुषीने वापरतात: ही जागा माझी आहे, किंवा मी इथे आहे, तू कुठे आहेस. आम्ही माणसांनी त्यात आमचं भविष्य ऐकलं. कुणी बाहेरगावी निघालं आणि पाल चुकचुकली की आजी जागच्या जागी थांबायची, बोटाने जमिनीवर टकटक करायची, "कृष्ण, कृष्ण" म्हणायची, निघालेल्याला गुळाचा खडा देऊन पुन्हा बसवायची. पंचांगात तर पाल अंगावर पडल्याची फळं अवयवानुसार दिलेली असतात: डोक्यावर पडली तर काय, खांद्यावर काय, पायावर काय. कांचीपुरमच्या वरदराज पेरुमाळच्या देवळात छतावर सोन्या-चांदीने मढवलेल्या पाली आहेत. त्यांना हात लावला की पाल पडल्याचा दोष जातो, या श्रद्धेने लोक रांग लावतात. किती गंमत आहे. भिंतीवरच्या जिवंत पालीचा स्पर्श विटाळ, आणि छतावरच्या सोन्याच्या पालीचा स्पर्श पावन.

बिचारी आपल्या जोडीदाराला हाक मारत असते, आणि इथे एकाची एसटी चुकते.

विषाचंही तेच. दुधात पाल पडली की दूध ओतून द्यायचं हे ठीक. तिच्या अंगावर आणि विष्ठेत रोगजंतू असू शकतात. पण घरातल्या पालीला विष नसतं. ती चावत नाही, चावली तरी तिचे दात आपल्या कातडीपर्यंत नीट पोचत नाहीत. तिच्याविषयीची किळस आमची आम्हीच पिढ्यान्पिढ्या सांभाळली आहे. अंगावर पाल पडल्याची गोष्ट सांगताना बाया अजूनही खांदे झटकतात, आणि ऐकणाऱ्याही झटकतात.

मला तिच्या पायांचं नवल वाटत आलं आहे. गुळगुळीत फरशीवर, आरशावर, खिडकीच्या काचेवर, छताला उलटी टांगून, ती चालते ती काही लावून नाही. ना डिंक, ना ओलावा, ना हवा शोषून धरणारी वाटी. टोके नावाच्या एका मोठ्या पालीच्या पायाचा अभ्यास केला तेव्हा एकेका पावलावर पाच लाखांच्या आसपास केस आढळले, आणि प्रत्येक केसाच्या टोकाला आणखी शेकडो शेंडे. २००० ते २००२ च्या सुमारास अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवून दिलं की हे शेंडे पृष्ठभागाच्या इतके जवळ जातात की अणूंमधली, अगदी क्षीण, एरवी कुणाच्या खिजगणतीत नसलेली ओढच त्यांना धरून ठेवते. एकेक ओढ नगण्य. लाखोंनी एकत्र आल्या की अख्खा देह तोलतात. पण त्याहून मला भुरळ पडली ती पाऊल सुटण्याची. ती बोटं ओढून काढत नाही. टोकापासून वर गुंडाळत, कोन बदलत, हलकेच सोडवून घेते, आणि ते क्षणार्धात. धरण्याइतकंच सोडण्याचं कसब तिच्या पावलात आहे, आणि ते पावलागणिक वापरावं लागतं, नाहीतर पुढचं पाऊल पडणारच नाही.

या घरात राहून मला ते नीटसं जमलेलं नाही.

भिंत चढणं म्हटलं की मराठी मनात लगेच यशवंती येते. १६७० चा माघ, कोंढाण्याचा कडा, तानाजी मालुसरे आणि कमरेला दोर बांधलेली घोरपड. यशवंती पोवाड्यातून आली आणि पोवाड्यातच राहिली; घोरपडीच्या पायाला पालीसारखे चिकट केस नसतात, ती नखांनी कपारी धरते, आणि माणसाचं वजन पेलण्याची गोष्ट पोवाड्यानेच पेलावी. पण कल्पना पाहा: एका अख्ख्या समाजाने आपल्या सर्वांत शूर रात्रीच्या आघाडीला एक सरपटणारा प्राणी उभा केला, त्याला नाव दिलं, मान दिला, घोरपडे हे आडनाव अभिमानाने लावलं. आणि खरी घोरपड? तिच्या तेलासाठी, मांसासाठी, कातडीसाठी ती मारली जाते. तिच्या नराचं वाळवलेलं जननांग 'हत्ताजोडी' नावाने, दुर्मीळ मुळी म्हणून विकलं जातं आणि भाविक घरांत लाल कपड्यात गुंडाळून देव्हाऱ्यात पुजलं जातं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने पहिल्या अनुसूचीत, वाघाच्या पंक्तीत तिला बसवलं आहे. पण देव्हाऱ्यातलं गाठोडं उघडून पाहायला कायदा प्रत्येक घरात कसा येणार?

पोवाड्यात मान आणि पोत्यात प्राण. आपल्या प्रेमाची ही जुनीच रीत.

गेल्या काही दिवसांत पालीने आमच्या घरात एक नवा विषय आणला आहे, तोही सातासमुद्रापलीकडून. माझी भाची न्यू जर्सीत वाढते आहे. रविवारी तिची सकाळ आणि आमची संध्याकाळ एकत्र येते, तेव्हा मोबाइलच्या चौकटीतून ती आजीला भेटते. एका रविवारी तिने चौकटीत आधी आपला चेहरा आणला नाही. एक काचेची पेटी आणली. पेटीत वाळूच्या रंगाचा सपाट दगड, एक पोकळ ओंडका, पाण्याची लहानशी थाळी, आणि दगडावर एक जाडजूड, पिवळी-केशरी, काळ्या ठिपक्यांची पाल.

"आजी, ही माझी जिलबी."

आईने चष्मा पुसला. पुन्हा लावला. "अगंबाई," एवढंच म्हणाली.

ती लेपर्ड गेको होती. बिबट्याच्या अंगावरचे ठिपके ल्यायलेली पाल. जगात आज घरोघरी पाळल्या जाणाऱ्या सरपटणाऱ्यांत ही फार लाडकी. शांत, हाताळू देणारी, नीट निगा राखली तर पंधरा-वीस वर्षंही सोबत करणारी. तिची कितीतरी पिढ्या पेट्यांतच वीण होत आली आहे, आणि माणसाने निवडून निवडून तिच्यात केशरी, पांढऱ्या, फिकट जांभळट अशा नवनव्या रंगांच्या जाती काढल्या आहेत. भाची एकेक गोष्ट उत्साहाने दाखवत होती. पेटीचा एक कोपरा खालून उबदार ठेवायचा, दुसरा थंड, म्हणजे जिलबी आपल्या मर्जीने ऊन-सावलीत जाते. रातकिडे द्यायचे तेही कॅल्शियमच्या पुडीत घोळवून, नाहीतर हाडं वाकतात. कात टाकायची वेळ आली की ओलसर शेवाळाची एक गुहा करून द्यायची. ती आपली जुनी कात ओढून काढते आणि स्वतःच खाऊन टाकते. शेपटी जाड, कारण उपासाच्या दिवसांसाठीची चरबी तिथे साठवलेली असते. शेपटीला हात लावायचा नाही. भीती वाटली तर ती शेपूट तोडून टाकील, नवी येईल, पण पहिल्यासारखी देखणी येणार नाही.

आणि मग जिलबीने डोळे मिटले. खरोखर मिटले. वरून-खालून पापण्या आल्या, क्षणभर विसावल्या, उघडल्या.

"ही डोळे मिटते!" आई चकित झाली. आमच्या ओसरीवरच्या कुठल्याच पालीला ते येत नाही.

"हो ना, आजी. आणि बघ, हसतेय."

तोंडाची रेघ वर वळलेली असते एवढंच. पण खरंच हसू वाटत होतं. भाची सांगत होती की अंडी कुठल्या तापमानात ठेवली यावर पिलू नर निघणार की मादी हे ठरतं; सव्वीस अंशांच्या आसपास बहुतेक माद्या, बत्तीस-तेहेतीसला बहुतेक नर, आणखी तापवलं तर पुन्हा माद्या. आईने यावर बराच वेळ विचार केला. मग म्हणाली, "बरं आहे. त्यांच्यात सुनेला कुणी बोल लावत नसेल." आणि भाची न समजताही खूप हसली.

थोड्या वेळाने आईने विचारलं, "हिला भिंत नाही का गं?"

"आजी, तिला चढताच येत नाही. तिच्या पायाला नुसती नखं असतात."

"मग पेटी कशाला? मोकळी सोड की."

"पळून जाईल ना."

आईने मान वर करून तसबिरीकडे पाहिलं. "पळून कुठे जाईल? आमच्या नाही गेल्या कधी."

त्या रविवारपासून हे वाक्य माझ्या आत घर करून आहे. काच चढता येणारी आमच्या घरात मोकळी, आणि काच चढता न येणारी काचेच्या आत. पण मी भाचीच्या प्रेमाला कमी लेखू शकत नाही. रोज सकाळी शाळेत जाण्याआधी ती उबेच्या कोपऱ्याचं तापमान पाहते, थाळीतलं पाणी बदलते, जिलबीच्या बोटांच्या टोकांना कात अडकून राहिली नाही ना हे भिंग लावून बघते. आम्ही आमच्या पालीचा पाय कधी असा निरखला? जिलबीच्या कुळाची मूळ वस्ती अफगाणिस्तानापासून पाकिस्तान आणि वायव्य भारतापर्यंतच्या कोरड्या, खडकाळ टापूत. तो टापू न्यू जर्सीपेक्षा आमच्या किती जवळचा! जिलबीने तो पाहिलेला नाही. भाचीनेही आमचं माळवद फक्त मोबाइलवर पाहिलं आहे. दोघी तिथेच जन्मल्या, दोघींच्या अंगात इथल्या उन्हाची काहीतरी आठवण असावी, आणि जानेवारीत बाहेर बर्फ पडत असताना दोघी त्या एका उबदार कोपऱ्याशी येऊन बसतात.

एक मात्र भाचीला सांगून ठेवलं आहे. पिढ्यान्पिढ्या पेटीत वाढलेली जिलबी वेगळी आणि रानातून उचलून आणलेली वेगळी. जिलबीची भावंडं आपल्याकडेही आहेत. पापण्या मिटणारी, जाड शेपटीची, रात्री सावकाश पावलं टाकत दगडांतून हिंडणारी एक जात महाराष्ट्राच्या कोरड्या टेकड्यांवर राहते. सातपुड्यातली दुसरी एक तर २०१४ मध्ये नव्याने ओळखली गेली. शेतकऱ्याच्या बॅटरीच्या झोतात सापडली की ती थबकून डोळे मिचकावते, आणि तिचे ठिपके पाहून लोक तिला विषारी समजून ठेचतात. तिकडे सातारा शहराजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर पावसाआधी सरडे गळ्याखालचा निळा-काळा-केशरी पंखा उघडून दगडादगडावर उभे राहतात. २०१६ मध्ये शास्त्रज्ञांनी त्यांच्या प्रजातीला सरडा हेच नाव जगाच्या दप्तरात नोंदवलं. या सगळ्यांना पेटी नको. त्यांना त्यांचा दगड हवा, त्याखालची सावली हवी. रानातून उचललेली पाल पाळीव होत नाही.

चोरीची होते.

दगडावरून वेरूळ आठवलं. दुपारी कैलास लेण्याच्या अंगणात उभं राहिलं की चहूबाजूंनी कातळ तापलेला असतो, आणि एका हत्तीच्या झिजलेल्या पाठीवर हटकून एखादा सरडा मान उंचावून बसलेला असतो. आठव्या शतकात राष्ट्रकूटांच्या कारागिरांनी हे देऊळ वरून खाली कोरलं. कळस आधी, पाया शेवटी. सगळं जग खालून वर बांधतं, इथे माणसं डोंगराच्या माथ्यावरून डोकं खाली करून उतरत गेली. अशी उलटी उतरण आणखी कुणाला जमते? एकदा वेरूळहून परतले त्या संध्याकाळी ओसरीवरची पाल छतापासून दिव्यापर्यंत डोकं खाली करून, घाईने नव्हे, पायरीपायरीने उतरताना पाहिली आणि मला त्या अनाम पाथरवटांची नावं कळल्यासारखं वाटलं.

तो कातळ, ज्यात कैलास कोरला, ज्याचे दगड या शहराच्या वेशींत, तटबंदीत आणि आमच्या घराच्या जोत्यात बसले, तो लाव्ह्याचा थर साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. याहून जुनं इथे काही नाही असं मी धरून चालले होते. मग वाचनात आलं की म्यानमारच्या खाणींतून निघालेल्या राळेच्या खड्यांत सुमारे नऊ कोटी नव्वद लाख वर्षांपूर्वीच्या पाली गोठलेल्या सापडल्या आहेत, आणि त्यांतल्या एकीच्या बोटांवर, आजच्यासारखीच, चिकटून धरणारी गादी आहे. मी हिशोब पुन्हा केला. म्हणजे हा दगड वितळलेल्या रूपाने जमिनीतून वर यायच्या कितीतरी आधी ते पाऊल तयार होतं. दख्खन अजून घडायची होती, चढायला भिंत नव्हती, दिवा नव्हता, तसबीर नव्हती, माणूस तर कल्पनेतही नव्हता. चिकटण्याचं आणि सोडण्याचं ते कसब कुठल्या झाडावर, कुठल्या फांदीवर तयार होत होतं.

भिंतीपेक्षा पाल जुनी.

मग कोण कुणाकडे राहायला आलं? १६१० मध्ये मलिक अंबरने इथे खडकी वसवली, त्याच्या मुलाच्या काळात ती फतेहनगर झाली, सतराव्या शतकाच्या मध्यावर औरंगाबाद, २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर. नावांच्या पाट्या उतरल्या, चढल्या. भडकल दरवाजा, दिल्ली दरवाजा उभे राहिले, तट ढासळला. डोंगरातून खापरी नळांनी शहरात येणारं नहरीचं पाणी पाणचक्कीवर पडत राहिलं. या सगळ्या काळात संध्याकाळी दिवा लागला की कुठल्यातरी फटीतून एक राखी डोकं बाहेर येतच असेल, सुभेदाराच्या हवेलीत तसंच विणकराच्या मागावर. हिमरू विणणाऱ्याची भिंत आणि शाही हमामाची भिंत यांच्यात तिला फरक करता आला नसेल. तिला फक्त उजेड आणि त्याच्याभोवतीचं पाखरू कळतं.

म्हणून तर तिला घालवण्याचे आमचे उपाय मला केविलवाणे वाटतात. बीड बायपासच्या नव्या फ्लॅटमध्ये लोक स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात अंड्याचं टरफल टांगतात, भिंतीवर मोरपीस लावतात. जी स्वतः पांढरी अंडी घालते तिला पांढऱ्या टरफलाची दहशत! काही दिवसांनी त्याच टरफलाआड ती बसलेली आढळते. मग फवारणीवाल्याला बोलावतात. तो येतो, झुरळं मारतो, पाखरं मारतो, आणि पुढे काही महिने भिंत खरोखरच रिकामी होते. अगदी स्वच्छ. त्या स्वच्छ भिंतीखाली बसून लोक डास मारण्याच्या कॉइलचा धूर छातीत ओढत असतात.

आमच्याकडे थंडीत ती दिसेनाशी होते. पौषात भिंत गार पडते आणि गार रक्ताच्या जिवाला कुठेतरी खोल फटीत स्वतःला आवरून बसावं लागतं. आई कधी म्हणत नाही, पण त्या दिवसांत दिवा लावताना तिची नजर एकदा तसबिरीच्या कडेवरून जाते. होळी झाली, उन्हाला जोर चढू लागला की एका संध्याकाळी चुक् चुक् ऐकू येतं. आषाढात पहिल्या पावसानंतर पंखाची वाळवी दिव्यावर तुटून पडते तेव्हा तर भिंतीवर पंगत असते. तीन-चार पाली एकमेकींकडे न पाहता, शेपट्यांची टोकं थरथरवत, पाखरामागून पाखरू टिपत राहतात आणि सकाळी ओसरीत नुसते पंख उरतात. आई ते पंख झाडते, सुपलीत भरते आणि तुळशीच्या मुळाशी टाकते. कुणी कुणाचे आभार मानत नाही. मला ही सोबत फार मोलाची वाटते: ज्यात नाव नाही, पट्टा नाही, अपेक्षा नाही, जवळीक सिद्ध करण्याची घाई नाही, फक्त एकाच्या दिव्याचा उजेड दुसऱ्याच्या उपयोगी पडतो आणि दुसऱ्याच्या भुकेने पहिल्याची रात्र निवांत जाते. भाचीचं जिलबीवरचं प्रेम निगा राखतं. आईचं हे, ज्याला ती प्रेम म्हणणारही नाही, फक्त जागा ठेवतं. जगाला दोन्ही लागतात. पण पहिल्याला पेटी लागते, दुसऱ्याला भिंतसुद्धा आपली आहे असं म्हणावं लागत नाही.

दिवाळी जवळ आली की घराघरांत झाडलोट सुरू होते. ट्यूबलाइटच्या पट्टीमागे, कपाटाच्या फटीत, माळ्यावरच्या जुन्या पितळी भांड्यांआड वाटाण्याएवढी दोन पांढरी अंडी दिसली, तर ती फेकू नका. तेवढी वीतभर जागा यंदा झाडायची राहून गेली असं समजा. त्यापायी लक्ष्मी दारातून परत गेल्याचं अजून तरी कुणाच्या ऐकिवात नाही.